नववा मुद्दा

प्रिय बारक्या,

तुझ्या केबिनमध्ये कुणी हे संबोधन वाचून हसू नये म्हणून पत्र घरच्या पत्त्यावर पाठवतेय. सहाय्यक गणनाप्रमुखाला बारक्या म्हणणाऱ्या आता आई आणि मी, दोघीच उरलो. फोन का नाही केला, असं तुला वाटेल. फोनवर तुझं उत्तर माझा प्रश्न संपायच्या आत तयार असतं, आणि मला या वेळी तयार उत्तर नकोय. शिवाय आई शेजारीच बसलेली असते. ऑपरेशन झाल्यापासून तिला इतकं स्वच्छ दिसतं की माझ्या तोंडाकडे बघूनच ती काय ते ओळखेल. म्हणून गार्डांच्या खोलीत, दोन फेऱ्यांच्या मधल्या पाऊण तासात लिहायला बसलेय. अक्षर हललेलं दिसलं तर शंटिंगला दोष दे.

आई मजेत आहे. दोन वर्षं तिला न दिसलेली माझी भांडी आता दिसायला लागलीत, आणि ती एकेक करून पुन्हा घासते. खिडकीत बसून मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे मोठ्यांदा वाचते. तुझ्या बढतीची बातमी तिने भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून टाकली. तुझ्या केबिनला खिडकी आहे याचं तिला फार कौतुक. खिडकीतून काय दिसतं असं मी विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालास, गाड्या ठेवायची जागा. रेल्वेच्या मुख्य कचेरीतून रूळ दिसू नयेत याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

आता इथली बातमी. ती तुझ्या टेबलावरूनच गेली असणार, तरी माझ्या तोंडून ऐक. आपला फाटा या महिनाअखेर बंद. अकरा स्टेशनं, तीन डबे, दिवसाला चार फेऱ्या, सगळं गुंडाळलं. सूचना आधी वेटिंग रूमच्या दारावर लागली, मग तिकीट खिडकीवर, आणि शेवटी मास्तरांच्या हातात पडली. बस देणार म्हणे. क्वार्टर साठ दिवसांत रिकामी करायची आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. ती अंगणातल्या नळाला नवा वायसर बसवून घे म्हणून माझ्या मागे लागलीये आणि मी आज बसवते, उद्या बसवते करतेय.

हे कसं झालं ते तुला आकड्यांत माहीत आहे. मी डब्यातून सांगते. आपल्या फाट्यावर नफा कधीच नव्हता, बाबांच्या वेळीही नव्हता. सरकार अनुदान देतं म्हणून गाडी धावते, आणि अनुदानाची अट एकच: फेरीमागे सरासरी चाळीस प्रवासी. वर्षातून एकदा पंधरा दिवस मोजणी होते. ती कधी करायची ते तुमचा गणना विभाग ठरवतो, सीलबंद पत्र आदल्या दिवशी हातात पडतं, आणि डब्यातून फिरून मोजतो आम्ही गार्ड. नियमाप्रमाणे मोजायची तिकिटं, तीसुद्धा गाडी पाचव्या स्टेशनवर थांबलेली असताना. पण बाबांनी ज्याला ज्याला शिकवलं त्याने कधी तिकिटं मोजली नाहीत. शाळेची पोरं चौथ्या स्टेशनलाच उतरतात, फाटकाजवळच्या बायका त्याही आधी, रेल्वेच्या घरची माणसं फुकट पासावर असतात, आणि मांडीवरच्या मुलांना तिकीट नसतं. ही सगळी गाडीत बसतात, मग प्रवासी नाहीत तर कोण? बाबा म्हणायचे, माणूस तिकीट घरी विसरतो, डोकं विसरून येत नाही. म्हणून आम्ही डोकी मोजायचो. शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, कधी पन्नास. वरच्या साहेबांना हे ठाऊक होतं आणि ते काणाडोळा करायचे.

मग गार्ड काढून टाकायचा बूट निघाला. एकटा ड्रायव्हर गाडी नेईल, दारं तोच बघेल, मोजणी यंत्र करेल. संप केला तर प्रवासी आमच्या नावाने बोटं मोडतील, म्हणून आमच्या समितीने ठरवलं की संप नको, नियमावर बोट ठेवून काम करू. पुस्तकात लिहिलंय तेवढं सगळं, अक्षरशः, प्रत्येक दाराची कडी तपासल्याशिवाय झेंडा नाही. मग गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोचेल आणि गार्ड काय काय करतो ते साहेबांना कळेल. समितीत सात जण. मी सरचिटणीस. दार लावून, हलक्या आवाजात, सहा तारीख ठरली. बाहेर कुणाला कळता कामा नये, घरीसुद्धा नाही, अशी ताकीद मीच सगळ्यांना दिली होती. गार्डांसाठी सूचनांचा कागद काढायचं कामही माझ्याकडेच आलं.

सहाला आम्ही सुरू केलं. सातला सकाळी मास्तरांकडे तुमचं सीलबंद पत्र आलं, आठपासून मोजणी. सूचनांच्या कागदावर नववा मुद्दा होता: मोजणीही नियमाप्रमाणेच करावी. त्याच संध्याकाळी समिती बसली आणि ड्रायव्हरकाका म्हणाले, पोरी, हा एवढा एक मुद्दा पंधरा दिवस मागे घे, बाकी सगळं चालू दे. बाबांचे जोडीदार ते, मला अजून पोरीच म्हणतात. मी ऐकलं नाही. एक मुद्दा सोडला तर साहेब म्हणतील यांचे नियमही सोयीचे, असं मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, या म्हाताऱ्याला साहेबांचा एवढा पुळका का? माझा स्वभाव तुला माहीत आहे. दूधवाल्याने एखाद्या दिवशी जास्त दूध घातलं तरी मी विचार करत बसते, की याने काल काय केलं असेल.

मोजणीचा आकडा आला एकतीस. त्यात गाडी उशिरा येते म्हणून बसने गेलेलेही गळले होते. साहेबांनी हात झटकले. आम्ही नाही मोजलं, तुमच्याच लोकांनी मोजलं, तुमच्याच सह्या आहेत, असं त्यांनी छापून आणलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सरकारने अनुदान थांबवलं. अनुदान चालू असताना फाटा बंद करायची कुणाची छाती झाली नसती. आता आमच्याच हाताने सगळं सोपं झालं होतं. पण वर्षाचे बावन्न आठवडे सोडून मोजणी नेमकी आमच्या आंदोलनात यावी हे काही मला पटेना. सातातलं कुणीतरी फुटलं होतं.

तेव्हापासून मी संशयाने पोखरून निघालेय. खजिनदाराच्या बायकोने नवा पंखा घेतला, तर मी तो पंखा कुठून आला ते दुकानात जाऊन विचारून आले. फाटकवाल्याने दोन दिवस माझ्याशी चार शब्द कमी बोलल्याचं मी मनात टिपून ठेवलं. शेवटी सगळी बोटं ड्रायव्हरकाकांकडे वळली, आणि ती वळवली मी. ते आंदोलनाच्या आधी आणि मधे मिळून तीन वेळा साहेबांच्या कचेरीत गेले होते. कशाला गेला होतात विचारलं तर ताकास तूर लागू देईनात. नववा मुद्दा काढा म्हणाले कारण चोराच्या मनात चांदणं, पुढे बोट आपल्याकडे येऊ नये म्हणून आधीच मागे घ्या म्हणून ठेवलं, असा अर्थ मी लावला. आणि आकडा आल्यावर महिन्याभरात त्यांना गाडीवरून काढून शेडमध्ये हलकं काम मिळालं. हे बक्षीस नाही तर काय, असं मी भर सभेत म्हटलं. टाळ्या पडल्या.

अजून एक गोष्ट होती, ती मी सभेत बोलले नाही, पण माझी खात्री तिनेच पटवली. गाडी सोडताना मी शिट्टी देते आणि झेंडा दाखवते, आणि ड्रायव्हर भोंग्याचा एक छोटा आवाज करून कळलं म्हणतो. वीस वर्षं काकांचं उत्तर माझी शिट्टी संपायच्या आत यायचं. या वर्षी ते शिट्टीला उत्तरच देईनासे झाले. खिडकीतून अर्धे बाहेर वाकून माझ्याकडे रोखून बघत बसायचे, झेंडा हलला की मगच भोंगा. मी म्हटलं, हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून अंदाज घेतोय, मला किती कळलंय याचा. वसाहतीत त्यांच्याशी बोलणं बंद झालं. किराणावाल्याकडे ते आले की रांग गप्प होते. येत्या रविवारी चारला सर्वसाधारण सभा आहे, त्यांना युनियनमधून काढायचा ठराव आहे, आणि ठराव मांडणारी मी आहे. बाबा गेले तेव्हा याच माणसाने तिरडी उचलली होती. तरीही ठराव माझ्याच अक्षरात आहे.

गेल्या गुरुवारी मी शेडमध्ये गेले. ठरावाआधी एकदा तोंडावर विचारावं, नंतर कुणी म्हणायला नको. ते माझ्याकडे पाठ करून इंजिनाच्या पायरीला तेल देत होते. मी मागे उभी राहून म्हटलं, काका, खरं काय ते सांगा. ते तेल देत राहिले. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हटलं. शेडमधली माणसं वळून बघायला लागली, काका नाही. माझं डोकं फिरलं, एवढा मुजोरपणा! तेवढ्यात फिटरने जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले, वळले, मला बघून हसले, आणि मग माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत उभे राहिले. बारक्या, शिट्टी त्यांना ऐकूच येत नव्हती. ते वाकून झेंडा शोधत होते.

पुढचं मी त्यांना कागदावर लिहून विचारलं आणि त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्यांना आपला आवाज किती मोठा येतो याचाही आता अंदाज नाही. साहेबांकडे तीन वेळा गेले ते हेच सांगायला, की कान गेले, मला गाडीवरून काढा, माझ्या हातून कुणाचं बरंवाईट व्हायला नको. दोन वेळा अर्ज परत आला, वाद चालू आहे, आत्ता माणूस मिळणार नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी नेणार नाही असं लिहून दिलं, तेव्हा शेडमध्ये टाकलं. एवढं होऊनही सभेत गप्प का बसलात, असं विचारलं. म्हणाले, बहिऱ्या ड्रायव्हरने सहा महिने गाडी चालवली हे बाहेर पडलं तर उद्या साहेब म्हणतील, युनियनवाले प्रवाशांच्या जिवाशी खेळतात. फाटा गेला तो गेला, बाकीच्या फाट्यांवरच्या पोरांचं काय? चुगलखोर म्हणून गेलो तर माझ्या एकट्याचं जातं. माझ्याकडून त्यांनी शब्द घेतला, कानाचं सभेत बोलायचं नाही. तुला सांगतेय, कारण त्यांच्या इंजिनात बसून तू भोंगा वाजवायला शिकलास. तुझ्यापाशीच ठेव. तुला गुपित ठेवता येतं का, तेही कळेल.

मग काका नाहीत तर कोण, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. शनिवारी आवराआवर काढली होती. आईच्या औषधांच्या डब्याच्या तळाशी तिने एक कागद घडी करून घातला होता, बाटल्यांचे डाग पडू नयेत म्हणून. कॅलेंडरचं मागचं पान. उलगडलं तर माझाच कच्चा मसुदा, गार्डांसाठीच्या सूचनांचा. एक ते आठ मुद्दे माझ्या अक्षरात, खाडाखोड करून. नववा मुद्दा तुझ्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

आणि मला तो रविवार सगळा आठवला. अठ्ठावीस तारीख. आईच्या ऑपरेशनसाठी तू आला होतास, मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत होते. तू माझ्या खांद्यावरून वाचलंस, जसा शाळेत असताना माझे निबंध वाचायचास आणि चुका काढायचास. ताई, मोजणीचं राहिलं की, असं म्हणून खिशातलं पेन काढलंस आणि उभ्याउभ्या लिहिलंस. मला केवढं बरं वाटलं! आमच्या लढ्याची तुला चाड आहे असं वाटलं. घरीसुद्धा बोलायचं नाही ही ताकीद मी सहा जणांना दिली होती, पण तू म्हणजे मला घर वाटलास, बाहेरचा कधी वाटलाच नाहीस. मंगळवारी सकाळी तू फोन केलास, डोळ्यात थेंब किती वेळा घालायचे ते विचारायला. ठेवता ठेवता म्हणालास, सहाचं पक्कं ना? मला वाटलं, तुला पुन्हा यायचं असेल, गाडी उशिरा होईल याची काळजी असेल. काल मी मास्तरांकडून मोजणीचं सीलबंद पत्र मागून घेतलं आणि वरची जावक तारीख बघितली. तीस. मंगळवार. तेव्हा ती बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, मी तर पंख्यांच्या चौकशीत होते.

आता मी काय समजू? स्वतःशी मी तुझी वकिली करून बघितली. तू चुका काढणारा पोरगा, दिसलं म्हणून लिहून टाकलंस, त्यात काही नाही. मग साहेबांनी विचारलं असेल आणि तू बोलता बोलता बोलून गेला असशील. मग बढती योगायोगाने मिळाली असेल, खिडकीसकट. एकेक गोष्ट मला पटते, पण सगळ्या मिळून पटत नाहीत. मला तुझा राग आलाय, इतका की दोन दिवस मी जेवणाचं ताट तसंच सारलं. आणि तू चुकून केलं असशील या आशेने मी पुन्हा पुन्हा तो कागद उलगडून बघते, जणू अक्षर बदलणार आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण बाबा दुसऱ्यांच्या घरांबद्दल वापरायचे. माझा वाटा मी लपवत नाही. दार लावून ठरवलेली गोष्ट मी टेबलावर उघडी ठेवली, आणि ज्याने नववा मुद्दा काढा म्हटलं त्याच्यावर वसाहत सोडली.

तर हे पत्र कशासाठी, ते आता लिहिते. येत्या रविवारी चारला मी ठराव मांडणार नाही. कानाचं बोलायचं नाही असा शब्द दिलाय, त्यामुळे काकांना सोडवायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे औषधांच्या डब्यातला कागद. तो मी सभेत सगळ्यांसमोर ठेवणार, फुटलं ते माझ्या घरातून फुटलं म्हणणार आणि राजीनामा देणार. तुझं नाव मी घेणार नाही, पण घ्यायची गरजही पडणार नाही. शाळेत असताना स्टेशनचा फळा वर्षानुवर्षं तू लिहायचास, तुझं अक्षर इथे सगळ्यांना ओळखू येतं. आईसुद्धा सभेला येणार आहे, आता तिला लांबचंही वाचता येतं. त्याआधी तुला एक संधी द्यायची होती. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. उत्तर लिहू नकोस, फोन करू नकोस. रविवारी दुपारी दोन चाळीसची गाडी पकड आणि जे काय असेल ते, चूक म्हण, लोभ म्हण, भीती म्हण, तू स्वतः उभा राहून सांग, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. त्या गाडीवर माझीच ड्यूटी आहे. मोजणी आता कुणी मागत नाही, तरी मी मागच्या डब्यापासून पुढे मोजत येणार, बाबांच्या पद्धतीने. तुझं तिकीट मी बघणार नाही. डोकं दिसतंय का, तेवढं बघेन.

तुझीच,
ताई